न्यूझीलंडचा माओरी मुलूख, आणि "तुझा डोंगर कोणता?"

मानपाड्याची_मनू | ८ जून, रात्री १०:४०

माझा दीर हॅमिल्टनला असतो. चार वर्षं "या, या" चाललं होतं, शेवटी फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही चौघं गेलो. मी, नवरा, आठवीतली लेक आणि एकाहत्तर वर्षांचे सासरे, अण्णा. दक्षिण बेटावरचे बर्फाचे डोंगर आणि निळी तळी आम्ही बघितली नाहीत. हे आधीच सांगते, नाहीतर "अरेरे, क्वीन्सटाउन राहिलं?" असे वीस प्रतिसाद येतील. दहा दिवस फक्त उत्तर बेट, आणि तेही लेकीच्या हट्टापायी माओरी लोकांच्या जागा. तिला शाळेत कुणीतरी रग्बीवाल्यांचा हाका, म्हणजे माओरींचा ललकाऱ्या देत केलेला नाच, दाखवला, तिथून हे खूळ.

पहिला मुक्काम पाइहिया. ऑकलंडहून गाडीने सव्वातीन-साडेतीन तास. पुलापलीकडे वायटांगी. ६ फेब्रुवारी १८४० ला इथे ब्रिटिश राणीचा प्रतिनिधी आणि माओरी सरदार यांच्यात करार झाला. गंमत (त्यांच्यासाठी गंमत नव्हे) अशी की करार दोन भाषांत आहे आणि दोन्हींत वेगळं लिहिलंय. इंग्रजीत सरदारांनी सार्वभौमत्व राणीला दिलं. माओरीत शब्द आहे "कावानातांगा", म्हणजे कारभार पाहणं; आपल्या जमिनी, गावं, ठेवा यांवरची सरदारकी मात्र त्यांच्याकडेच राहणार. आणि बहुतेक सरदारांनी सही केली ती माओरी कागदावर. अण्णा तलाठी म्हणून निवृत्त झालेत. तिथल्या फलकापुढे ते इतका वेळ उभे राहिले की मला वाटलं गुडघा धरला. मग म्हणाले, "म्हणजे फेरफार एक नि सातबारा दुसराच."

तिथे ३५ मीटर लांबीची समारंभाची होडी आहे, कौरी झाडांच्या खोडांची, कराराच्या शताब्दीसाठी १९४० मध्ये पाण्यात सोडलेली. वल्हवायला कमीत कमी ७६ माणसं लागतात. नाव न्गातोकीमाताफाओरुआ. लेकीने ते पाठ केलं, मी नाही.

स्वागताच्या विधीला पोफिरी म्हणतात. पाहुण्यांतून एकाला "सरदार" नेमायचं, तो पुढे उभा राहतो. आमच्या गटात अण्णांचे केस सगळ्यांत पांढरे, त्यामुळे मान त्यांना. समोरून एक धिप्पाड पोरगा भाला फिरवत, डोळे वटारत आला आणि पायाशी एक डहाळी टाकून मागे सरला. ती उचलायची, पण नजर त्याच्यावरून काढायची नाही आणि हसायचं नाही. उचलली म्हणजे "आम्ही भांडायला आलो नाही". अण्णांनी ती अशी उचलली की आयुष्यभर हेच करत आलेत. मग एक बाई उंच आवाजात हाक घालते, ती ऐकूनच आत जायचं. आत गेल्यावर यजमानांचं भाषण, आणि उत्तरादाखल पाहुण्यांनी एक गाणं म्हणायचं. आमच्या गटात जर्मन, कोरियन, दोन ऑस्ट्रेलियन. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. अण्णांनी अभंग धरला. एकही शब्द कुणाला कळला नाही, पण टाळ्या मात्र तालात पडल्या. शेवटी होंगी, नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ लावून श्वास एकत्र घ्यायचा.

पण धागा काढला तो रोटोरुआसाठी. शहरभर गंधकाचा वास, वज्रेश्वरीच्या कुंडांपाशी येतो तसा, फक्त दसपट. फाकारेवारेवा हे गाव गरम पाण्याच्या कुंडांवरच वसलंय. लोक आजही तिथे राहतात, वाफेवर रांधतात, सामायिक न्हाणीत आंघोळ करतात. वाट दाखवणारेही गावातलेच. आम्हाला भेटलेल्या मावशी तिथेच वाढलेल्या, त्यांच्या पणजीही वाटाडीच. जवळच तारावेरा डोंगर आहे, ज्वालामुखीच तो. तिथे एकेकाळी गरम पाण्यातल्या क्षारांनी आपोआप घडलेल्या गुलाबी आणि पांढऱ्या दगडी पायऱ्या होत्या, युरोपातून माणसं बोटीने महिनोन्महिने प्रवास करून बघायला यायची. होड्या, वाटाडे, दर, सगळं तिथल्या तूहोउरांगी लोकांच्या हाती होतं. १० जून १८८६ च्या रात्री डोंगर फुटला. शंभरावर माणसं गेली, पायऱ्याही गेल्या. सोफिया हिनेरांगी नावाच्या वाटाडीच्या घरात साठेक जण वाचले. नंतर तीही या गावात आली आणि इथे पाहुण्यांना वाट दाखवू लागली.

त्या मावशींनी मुलांना स्वतःची ओळख करून द्यायला शिकवलं. आधी आपला डोंगर सांगायचा, मग पाणी, मग माणसं, आणि नाव सगळ्यात शेवटी. याला पेपेहा म्हणतात. लेक म्हणाली, माझा डोंगर येऊर, माझं पाणी ठाण्याची खाडी. मावशी म्हणाल्या, छान, त्या डोंगरावर कोण राहतं? लेक म्हणाली, बिबटे. सगळे हसले. मावशी पण हसल्या, आणि म्हणाल्या, "आणि माणसं?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी मानपाड्यात एकवीस वर्षं राहते. खिडकीतून तो डोंगर दिसतो. पावसाळ्यात भजी खायला वर गेलेय, एकदा एका बंगल्यात वाढदिवसाला गेलेय. वारली पाडे आहेत एवढं ऐकून माहीत. याच्यापुढे मला काही सांगता आलं नाही.

खारेगावकर | ८ जून, रात्री ११:१५

मस्त! अण्णांना साष्टांग. आता कामाचे प्रश्न. व्हिसा, खर्च, आणि शाकाहारी माणसाचं तिथे काय होतं? आईला घेऊन जायचंय, ती कांदा-लसूणही खात नाही.

मानपाड्याची_मनू | ९ जून, सकाळी ७:५०

@खारेगावकर, व्हिसा आधी काढावाच लागतो, आणि त्याच्याबरोबर पर्यटकांसाठीची १०० न्यूझीलंड डॉलरची पट्टी भरावी लागते. थेट विमान नाही, आम्ही सिंगापूरमार्गे गेलो. खाण्याचा सगळ्यात मोठा घोळ विमानतळावर. खायचं जे काही असेल ते फॉर्मवर लिहा. लिहिलं की बघून सोडतात किंवा काढून घेतात, लपवलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. आमची भाकरवडी सुटली, दिराला नेलेलं साजूक तूप कचऱ्यात. बुटांना माती असेल तर तेही सांगायचं. मी हसले होते, पण नंतर वायपोआच्या जंगलात कळलं. कौरीच्या मुळांना मातीतून पसरणारा रोग लागलाय, म्हणून वाटेच्या तोंडाशीच बूट घासून, औषध फवारून आत सोडतात. तिथे ताने माहुता नावाचं कौरीचं झाड आहे, ते कुणी "झाड" म्हणून दाखवत नाही, वनाचा देव म्हणून ओळख करून देतात.

हांगीत, म्हणजे जमिनीतल्या भट्टीत, मांसाशेजारीच रताळी, भोपळा, बटाटे असतात. आधी सांगितलं तर वेगळं ठेवतात. रताळ्याला कुमारा म्हणतात. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, एकादशीची सोय आहे.

उलव्याचा_आगरी | ९ जून, दुपारी १:२०

हांगी म्हणजे आपली पोपटी हो! फक्त आमच्याकडे मडकं. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, मडकं उपडं आणि भोवती जाळ. त्यांनी खड्डा खणला, आम्ही मडकं घेतलं.

अण्णांचं सातबाऱ्याचं वाक्य मात्र जिव्हारी लागलं. आमच्या गावांची जमीन नवी मुंबईसाठी घेतली, तेव्हा आमच्या आजाने कुठल्या कागदावर अंगठा दिला ते त्यालाच माहीत नव्हतं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले, दि. बा. पाटलांचं आंदोलन. त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड परत द्यायची योजना आली. त्यांच्याकडे या कराराचं पुढे काय झालं? कुणी भरपाई मागितली का?

आणि गोंदणाचं बघितलंत का? माझ्या आजीच्या कपाळावर नि हातांवर होतं. माझ्या पोराला तोंडावरचं ते माओरी नक्षीकाम दंडावर करून पाहिजे, इथे वाशीत एक जण करतो म्हणे.

जुनी_वही | ९ जून, दुपारी ३:०५

@उलव्याचा_आगरी, झालं ना. १९७५ मध्ये वायटांगी न्यायाधिकरण स्थापन झालं. आधी फक्त नवीन तक्रारी ऐकायचं, १९८५ पासून थेट १८४० पर्यंत मागे जायची मुभा मिळाली. १९९५ ला वायकाटो-ताइनुई आणि १९९८ ला न्गाइ ताहू या दोन मोठ्या जमातींशी तडजोड झाली, प्रत्येकी १७ कोटी न्यूझीलंड डॉलर आणि सरकारची लेखी माफी. गेलेल्या जमिनीच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ, असं तेच लोक म्हणतात. पण कागद पुन्हा उघडला गेला. २०१७ च्या कायद्याने फांगानुई नदीला स्वतंत्र व्यक्तीचा दर्जा दिला. तिची बाजू मांडायला दोन माणसं नेमलेली असतात, एक जमातींचा, एक सरकारचा. (उल्हास नदीची बाजू मांडायला कुणी नेमलं तर बिचाऱ्याला झोप लागणार नाही.)

गोंदणाबद्दल मुलाला थांबवा. ते मोको म्हणजे वंशावळ असते, कुणाचा कोण ते तोंडावर लिहिलेलं. दुसऱ्याची कुंडली दंडावर काढून घेतल्यासारखं होईल. माओरी नसलेल्यांसाठी ते लोक किरितुही नावाचा वेगळा प्रकार करतात, त्यात वंश नसतो, नुसती नक्षी.

संशयात्मा | ९ जून, रात्री ९:३०

मूड घालवतोय, हलके घ्या. पण तिकीट काढून बघितलेला "विधी" म्हणजे नाटकच ना? दिवसातून चार वेळा तोच भाला, तीच डहाळी. आणि "मूळनिवासी" तरी कसे? माओरी स्वतःच सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी होड्यांतून आले. तेव्हा आपल्याकडे देवगिरीचे यादव होते, म्हणजे काही फार पुरातन काळ नव्हे.

जुनी_वही | ९ जून, रात्री १०:१०

आले तेव्हा तिथे दुसरं माणूस नव्हतं. मुद्दा किती जुने हा नसून नंतर आलेल्यांनी काय केलं हा आहे. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा आला, तेव्हा न्यूझीलंडने विरोधात मत दिलं, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियासोबत. २०१० मध्ये पाठिंबा दिला. भारताने बाजूने मत दिलं, पण आपली अधिकृत भूमिका अशी की सगळेच भारतीय मूळनिवासी. म्हणजे कुणीच वेगळं नाही.

मानपाड्याची_मनू | १० जून, सकाळी ८:१५

@संशयात्मा, नाटक आहेच थोडं, अण्णांनाही ते माहीत होतं. मला फरक वाटला तो असा की नाटक कुठे संपतं ते तेच ठरवत होते. सभाघरात बूट बाहेर, टेबलावर बसायचं नाही, उशीवर बसायचं नाही कारण डोकं पवित्र. (आमची आजी पण ओरडायची, उशीवर बसलं की गळू होतं.) एका ठिकाणी "आत फोटो नाही" म्हणाले, एका अमेरिकन माणसाने मोबाइल काढला तर त्या मावशींनी बोलणं थांबवलं. नुसत्या उभ्या राहिल्या. त्याने मोबाइल खिशात घातल्यावर पुढचं वाक्य.

खटकलं तेही सांगते. फाकारेवारेवाच्या पुलावरून पर्यटक नाणी टाकतात आणि गावातली मुलं गरम ओढ्यात बुडी मारून काढतात. जुनी रीत आहे म्हणे. लेक रडवेली झाली. मावशी म्हणाल्या, मी पण मारायचे, मला मजा यायची. मला अजून त्याचं काय करायचं कळलेलं नाही.

तलावपाळी_कट्टा | १० जून, सकाळी ११:००

मनूताई, मग आता येऊरलाच एक गटग (गेट-टुगेदर) करूया की! एखादा पाडा धरू, सकाळी वारली चित्रकला कार्यशाळा, दुपारी पिठलं-भाकरी, संध्याकाळी तारपा नृत्य. माणशी आठशे-हजार. पोरांना चॉकलेट, वह्या वाटू. आपलं "वारसा पर्यटन"! मी बस बघतो. जुलैमध्ये करू, हिरवंगार असतं.

घंटाळी_७७ | १० जून, सकाळी ११:२०

+१, मी येणार. धबधबा पण करू.

पायथ्याशी | १० जून, दुपारी १२:४५

पावसाळ्यात धबधब्यांवर दरवर्षी बंदी असते, आणि येऊर राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, हे लक्षात असू द्या. बाकी मी गप्प. बघू कोण बोलतंय.

डोंगरवाट | १० जून, रात्री ११:५०

तीन वर्षं इथे नुसता वाचतोय, पहिल्यांदा लिहितो. मी वारली. गाव जव्हारकडे, शिक्षक आहे, कळव्याला भाड्याने राहतो. बायकोचं माहेर येऊरला.

मनूताई, तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर: पाटोणपाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा, असे बरेच पाडे आहेत. उद्यान व्हायच्या, बंगले व्हायच्या आधीपासूनचे. बिबट्याचंही तिने चुकीचं नाही सांगितलं, आमच्यात वाघदेवच आहे.

कट्टेदादा, राग नाही, पण तुमची यादी एकेक करून बघू.

तारपा जुलैत वाजत नाही. नवं भात तयार व्हायला लागलं की सुरू होतो, दिवाळीच्या आसपासपर्यंत. वाळलेला भोपळा, बांबू, ताडाचं पान, मेण, एवढंच लागतं, पण वाजवणाऱ्याचा श्वास तुटता कामा नये. नाचणारे गोल फिरतात आणि तारप्याला पाठ दाखवत नाहीत. दोन वर्षांपूर्वी एका रिसॉर्टने मे महिन्यात लग्नासाठी आमच्या गावची मंडळी बोलावली. म्हातारे म्हणाले, हा महिना नाही. ते म्हणाले, वीसच मिनिटं. मंडळी गेली, कारण मे महिन्यात हाताला काम नसतं. मी त्यांना दोष देणार नाही. पण माझा चुलता परत आल्यावर दोन दिवस बोलला नाही.

चित्रकलेची कार्यशाळा. चौक हा लग्नात घरातल्या भिंतीवर सवाशिणी लिहितात. लिहितात असंच म्हणतो आम्ही. गेरूवर तांदळाच्या पिठाने. मध्ये पालघट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते, तेव्हा तो पुरा होतो. डहाणूकडच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ते लग्नाबाहेर, कागदावर आणलं. पुरुष असून. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये गेले. त्यांच्यामुळे आमच्या शेकडो पोरांना हाताला काम मिळालं, म्हणून "सगळं पवित्र, कुणी हात लावू नका" असं मी म्हणणार नाही. कागदावर शिकवायला आम्हाला आवडतं. पण ठाण्यातल्या उड्डाणपुलांच्या खांबांवर जी काडीमाणसं आहेत, ती बघा. तारपेवाला मध्ये आणि नाचणारे त्याला पाठ करून उभे. साच्याने रंगवलेत. काढणाऱ्याने नाच बघितलेलाच नाही.

२०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. हा धागा वाचून शोधलं, तर त्याच वर्षी न्यूझीलंडने कायदा केला की "का माते" हाका धंद्यासाठी वापरला तर तो न्गाती तोआ जमातीच्या ते राउपाराहाने रचला हे सांगावंच लागेल. तेही पैसे मागू शकत नाहीत, नुसतं नाव. आमच्याकडे मानांकन आहे आणि खांबावर ठेकेदाराचं नाव.

चॉकलेटं नकोत. खरंच नकोत. मुलं गाड्यांमागे धावायला शिकतात, आणि वेष्टनं पाड्यात राहतात. शनिवार-रविवार रात्री बंगल्यांतला डीजे माझ्या सासऱ्यांना झोपू देत नाही, त्याबद्दल कुणी सही करणार असेल तर सांगा.

मनूताईंच्या लिहिण्यातली ती बाई मला आवडली, जी मोबाइल खिशात जाईपर्यंत बोलली नाही. आमच्यात अजून तेवढं बळ आलेलं नाही. आम्ही "काढा, काढा फोटो" म्हणतो आणि नंतर घरात चिडतो.

संशयात्मा | ११ जून, सकाळी ६:४०

शब्द मागे घेतो. सही करायला मी आहे.

तलावपाळी_कट्टा | ११ जून, सकाळी ९:१०

डोंगरवाट सर, चुकलं. उत्साहात लिहिलं गेलं. बस रद्द. पण मग यायचंच नाही का?

डोंगरवाट | ११ जून, दुपारी २:३०

सर नको, दादा म्हणा. यायचं की. चाळीस जण नको, चार-पाच जण. भाताची झोडणी संपल्यावर, आधी विचारून. माझ्या सासऱ्यांकडे ओटी मोठी आहे. जे शिजेल ते जेवायचं, नाचणीची भाकरी आणि एखादी रानभाजी, सुका जवळा चालत असेल तर तो. चित्र घ्यायचं असेल तर काढणाऱ्याच्या हातून घ्या आणि खाली त्याचं नाव लिहून घ्या. तारपा वाजेल असं नाही. वाजला तर वाजला.

९ ऑगस्टला आदिवासी दिनाची मिरवणूक असते, ती बघायला कुणालाच विचारायला लागत नाही, रस्त्यावरच आहे.

उलव्याचा_आगरी | ११ जून, संध्याकाळी ६:००

दादा, थंडीत तुम्ही सगळे आमच्याकडे. पोपटी माझ्याकडून. पोराने गोंदण रद्द केलंय, आता आजीच्या हातावरचं कुठलं होतं ते शोधतोय. फोटो आहेत, पण सगळ्यांत ती हात पदराखाली घेऊन बसलीये.

मानपाड्याची_मनू | ११ जून, रात्री १०:२०

डोंगरवाटदादा, लेकीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती पाड्यांची नावं वहीत लिहून बसलीये. आम्ही चौघं येऊ, अण्णांचे गुडघे धरून. अण्णांनी विचारलंय की पाड्यातल्या लोकांचे वनहक्काचे दावे कुठवर आलेत, कागद असतील तर त्यांना बघायचेत. निवृत्त झाले तरी सवय जात नाही.

डोंगरवाट | ११ जून, रात्री १०:५५

सासऱ्यांना फोन केला. म्हणाले, तलाठ्याला एकट्याला आधी पाठव, झोडणीची वाट बघू नको. कागदांची पिशवी आहे.

खारेगावकर | १२ जून, सकाळी ७:३०

मधेच येतो, माफ करा. मेतकूट फॉर्मवर लिहायचं का? आई विचारतेय.